नळ तुम्ही उघडा, गीझर मेकॅनिकला उघडू द्या

"ताई, आमच्याकडे सध्या सगळं एकदमच बिघडलंय. बेसिनचा नळ कितीही घट्ट पिळला तरी टपकतो, फ्लशच्या टाकीत रात्री मधेच आपोआप पाणी भरल्याचा आवाज येतो, वॉशिंग मशीन कपडे धुतं पण शेवटी पाणी पोटात तसंच ठेवतं आणि गीझर लावला की कधी कधी खटका पडतो. प्लंबर फोनवर 'निघालोच' म्हणतो आणि येत नाही. व्हिडिओ बघितले की वाटतं यात काय एवढं, आपणच करू, म्हणून मी भलामोठा टूलकिटही मागवलाय. बायको म्हणते नसते उद्योग करू नकोस, आहे तेही घालवशील. मी काही इंजिनिअर नाही, अकाउंट्समध्ये आहे. यातलं मला काय जमेल आणि कुठे थांबायचं? – एक उद्योगी नवरा"

उद्योगीराव, पुढचं वाचायच्या आधी उठा, बोर्डातली गीझरची एमसीबी, म्हणजे त्याचा खटका, खाली पाडा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा की ती कोणी वर करायची नाही. झालं? आता बसा निवांत.

काय जमेल असं विचारलंत. जमायचं म्हणाल तर जवळजवळ सगळंच जमेल हो, चार स्क्रू काढायचे आणि परत लावायचे यात जादू कसली, पण मी कुठल्याही दुरुस्तीला हात घालताना ते सोपं आहे की अवघड हे बघतच नाही, हे चुकलं तर काय होईल एवढंच बघते. नळाचं वॉशर वाकडं बसलं तर नळ टपकत राहील, फार तर जमीन पुसावी लागेल आणि घरच्यांचे चार टोमणे ऐकावे लागतील. गीझरमधली एखादी वायर चुकीची बसली तर ते समजेल तेव्हा कोणीतरी ओल्या अंगाने त्याच पाण्याखाली उभं असणार. आणि गंमत अशी की हाताच्या कामाने बघितलं तर गीझरचं झाकण उघडणं गंजलेला नळ उघडण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे, म्हणून तर भलेभले तिथे फसतात. तर तुमच्या चारपैकी तीन कामं तुमची, चौथं तुमचं नाही.

चौथ्याचं आधी उरकून घेते. खटका पडतो असं लिहिलंत पण कुठला पडतो ते लिहिलं नाही. बोर्डात बघा, ज्याच्यावर टेस्टचं छोटंसं बटण आहे ती आरसीसीबी, बाकीच्या साध्या एमसीबी. एमसीबी पडते ती करंट फार झाला की, म्हणजे शॉर्टसर्किट झालं किंवा झेपणार नाही इतका लोड आला की, ती वायर जळू नये म्हणून असते. आरसीसीबीचं काम वेगळं, जेवढा करंट गेला तेवढाच परत येतोय का हे ती सतत तपासते आणि घरात बसवतात ती साधारण ३० मिलिअँपियरचा फरक पडला की लगेच बंद होते, कारण फरक पडला याचा अर्थ करंट दुसऱ्याच वाटेने जमिनीत चाललाय आणि ती दुसरी वाट म्हणजे एखादा माणूसही असू शकतो. गीझर लावल्यावर ही पडत असेल तर बऱ्याचदा आतल्या, पाणी तापवणाऱ्या एलिमेंटचं आवरण क्षार बसून बसून तडकलेलं असतं आणि पाणी आतल्या तारेपर्यंत पोचलेलं असतं. म्हणजे खटका खराब झालेला नाही, तो इमानेइतबारे काम करतोय. तेव्हा 'परत एकदा वर करून बघू, कधीकधी टिकतो' हा खेळ बंद, आणि कोणी 'मोठ्या अँपियरचा खटका टाकून देतो, मग नाही पडणार' असं म्हणालाच तर त्याला दारातूनच परत पाठवा, तो दुरुस्ती नाही करत, तो धोक्याची घंटा काढून नेतोय. बोर्डात आरसीसीबी नसेलच तर इलेक्ट्रिशियन येईल तेव्हा आधी ती बसवून घ्या आणि अर्थिंग नीट आहे का तेही त्याच्याकडून तपासून घ्या. असेल तर मधूनमधून ते टेस्टचं बटण दाबत जा, दाबलं की पडलीच पाहिजे, नाही पडली तर ती नुसती शोभेची.

जाताजाता एक, पाणी तापत असताना गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडे थेंब पडतात त्याला गळती समजून बूच मारू नका. पाणी तापलं की फुगतं, ते वाढीव पाणी तिथून बाहेर पडतं, ती वाट बंद केली तर आतलं प्रेशर जाणार कुठे.

आता तुमच्या कामांकडे. पाना हातात घ्यायच्या आधी पाणी कुठून बंद होतं ते शोधा. बेसिनखाली, टाकीच्या बाजूला, मशीनच्या मागे प्रत्येक ठिकाणी अँगल कॉक, म्हणजे तेवढ्याच जागेचं पाणी बंद करायचा छोटा कॉक असतो आणि अख्ख्या घराचा एक मेन व्हॉल्व्ह असतो. हे सगळे आज नुसते फिरवून बघा, काहीही न उघडता. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक जाम झालेला असतो, किंवा फिरतो पण पाणी पूर्ण थांबत नाही, आणि हे नळ उघडून हातात आल्यावर कळण्यात काही मजा नाही. जाम असेल तर जोर करू नका, थोडा पुढे थोडा मागे असं करत सोडवा, नाहीच हलला तर मेन बंद करून काम करा. मेन कुठे आहे हे बायकोलाही दाखवून ठेवा, मुलं मोठी असतील तर त्यांनाही, कारण पाइप फुटतो तेव्हा तुम्ही नेमके ऑफिसात असता.

नळापासून सुरुवात करा, त्यात हात बसतो. तुम्ही अकाउंट्सवाले म्हणून हिशेब देते, थेंब पाव मिलिलिटरचा धरा, सेकंदाला एक थेंब, दिवसाचे सेकंद ८६,४००, झाले साडेएकवीस लिटर. रोजचे. आणि तुम्ही लिहिलंत ना कितीही घट्ट पिळला तरी, तर ते पिळणं आधी थांबवा, त्यानेच तो जास्त बिघडतोय. जुन्या पद्धतीचा नळ, जो बंद करायला दोन-तीन वेळा गोल फिरवावा लागतो, त्याच्या आत एक रबरी वॉशर (वायसर म्हणतात तेच) पितळेच्या गोल कडेवर दाबलं जातं आणि पाणी अडतं. वॉशर झिजलं की थेंब सुरू, मग आपण जोरात पिळतो, मग ती कड वॉशरमध्ये अजून रुतते आणि वॉशर अजून कापलं जातं. उघडल्यावर बघाच, जुन्या वॉशरवर गोल खाच पडलेली असते, बाहेरच्या बाजूने तुकडे उडालेले असतात, हाताला दगडासारखं कडक लागतं.

उघडायचं असं. अँगल कॉक बंद, मग नळ पूर्ण उघडा म्हणजे आत उरलेलं पाणी निघून जाईल. बेसिनच्या भोकात फडका कोंबा, हे विसरू नका, नळाचा तो एवढासा स्क्रू त्या भोकाकडे ओढ असल्यासारखा जातो. मुठीवर लाल-निळा ठिपका असतो ती टोपी असते, नखाने किंवा पातळ पात्याने उचकटा, खाली स्क्रू दिसेल, तो काढला की मूठ वर निघते. निघत नसेल तर क्षार धरलेत, हलवत हलवत काढा. खाली मोठा नट दिसेल, त्याला पाना लावताना जबड्याला फडका गुंडाळा म्हणजे चकाकी जाणार नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्या हाताने नळाचं अंग घट्ट धरून ठेवा, नाहीतर नट न सुटता अख्खा नळच फिरतो आणि भिंतीतल्या पाइपचे आटे जातात, मग मात्र काम खरोखर प्लंबरचं. नट सुटला की स्पिंडल (मुठीबरोबर फिरणारा दांडा) बाहेर, त्याच्या टोकाला वॉशर. निघालेली प्रत्येक वस्तू ज्या क्रमाने निघाली त्या क्रमाने वर्तमानपत्रावर ओळीने ठेवा आणि मोबाईलवर फोटो काढा, नंतर 'ही चकती कुठली' हा प्रश्न प्रत्येकाला पडतो.

जुनं वॉशर सोबत घेऊन दुकानात जा, नुसतं 'अर्ध्या इंचाच्या नळाचं द्या' म्हणून आणू नका, अर्धा इंच हे पाइपाचं माप, वॉशरच्या जाडीत आणि भोकात फरक असतो. नवीन बसवायच्या आधी आत बोट घालून ती पितळेची कड चाचपा. गुळगुळीत लागली तर उत्तम, खडबडीत किंवा खाचा लागल्या तर नवीन वॉशरही थोड्याच दिवसांत कापलं जाणार, अशा वेळी मी तरी सरळ नळच बदलते. आणि पाणी तोटीतून न येता मुठीच्या बुडातून येत असेल तर वॉशरचा दोषच नाही, तिथली ओ-रिंग (रबराचं कडं) किंवा ग्लँडचं पॅकिंग गेलंय, आधी मुठीखालचा तो ग्लँड नट किंचित आवळून बघा, तेवढ्यानेही थांबतं.

तुमचा नळ पाव फेरीतच उघडत-बंद होत असेल तर मात्र आत वॉशर शोधू नका, सापडणार नाही. त्यात सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात, पाण्यातून आलेल्या वाळूच्या कणाने त्यांना ओरखडा पडला की टपकायला लागतं. त्या चकत्या ज्यात बसवलेल्या असतात ते अख्खं कार्ट्रिज बदलायचं, तेही जुनं दाखवूनच आणायचं, कारण वरचे दाते, लांबी आणि फिरायची दिशा, तिन्ही जुळायला लागतात. गरम पाण्याचं आणि गार पाण्याचं कार्ट्रिज बऱ्याचदा उलट्या दिशेने फिरतं, चुकीचं बसवलं तर गळणार काही नाही पण नळ उघडायला गेलात की बंद होईल आणि घरात तेवढीच करमणूक.

नळच बदलायची वेळ आली तर टेफ्लॉन टेप लागेल. आटे आपल्याकडे करून धरायचे आणि टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ओढून गुंडाळायची, म्हणजे नळ फिरवून बसवताना ती आणखी आवळते, उलटी गुंडाळली तर बसवताना उलगडून चुरगळते. पातळ टेप असते, पाच-सहा वेढे द्या. पण जिथे रबरी वॉशरने जोड बसतो, म्हणजे अँगल कॉकपासून नळापर्यंतचा तो लवचिक कनेक्शन पाइप, तिथे टेप लावायची गरज नाही, ते हाताने घट्ट करून पान्याने फार तर पाव फेरी द्यायची. प्लॅस्टिकच्या आट्यांवर तर अजिबात ताकद दाखवू नका. काम झाल्यावर कॉक हळूहळू उघडा, आणि जोडाखाली कोरडा टिश्यू पेपर धरून दोन मिनिटं बघा, डोळ्याला न दिसणारी ओल कागदाला लगेच दिसते.

फ्लशच्या टाकीची ती रात्रीची भुताटकी म्हणजे टाकीतलं पाणी हळूहळू खाली भांड्यात झिरपतंय, पातळी खाली गेली की फ्लोट (पाण्यावर तरंगणारा फुगा) खाली येतो, पाणी भरायला सुरुवात होते, तुम्ही दचकून उठता. खात्री करायची तर टाकीत खाण्याचा रंग थोडा टाका आणि अर्धा तास कोणी फ्लश करायचा नाही. भांड्यात रंग उतरला म्हणजे बहुतेक खालचं रबरी सील गळतंय. पाणी बंद करा, एकदा फ्लश करून टाकी रिकामी करा, सील काढा आणि सील आणि ते ज्या कडेवर बसतं ती कड, दोन्ही बुळबुळीत थर आणि क्षार जाईपर्यंत कापडाने पुसा. बऱ्याच वेळा एवढंच पुरतं. रबर सुजलेलं, वाकडं झालेलं किंवा हाताला काळं लागत असेल तर नवीन आणा. टाकीत टाकायच्या त्या क्लोरीनच्या वड्या वापरत असाल तर बंद करा, रबर त्यानेच खराब होतं.

सील साफ केलं किंवा बदललं आणि तरी आवाज येतोय? मग झाकण काढून बघा, पाणी मधल्या उभ्या ओव्हरफ्लो नळीच्या तोंडापर्यंत चढून आत वाहत असेल. फ्लोट खाली घ्या, पातळी त्या तोंडाच्या दोन-एक सेंटिमीटर खाली राहिली पाहिजे. तरीही पाणी थांबतच नसेल तर भरणारा व्हॉल्व्ह बदला. टाकीचे किंवा भांड्याचे बोल्ट मात्र गळतंय म्हणून आवळत सुटू नका, सिरॅमिक सांगून तडकत नाही. आणि तुमची टाकी भिंतीच्या आत असेल, बाहेर नुसती बटणांची पट्टी दिसत असेल, तर पहिल्याच फटक्यात तिच्या नादी लागू नका, आत एक हात जेमतेम जातो.

आता मशीन. ते पुढून दार असलेलं आहे की वरून, ते तुम्ही लिहिलं नाही. पुढून असेल तर तुमचं काम नव्वद टक्के झालंच समजा. खाली कोपऱ्यात एक छोटी झडप असते, तिच्या मागे ड्रेन पंपाचा फिल्टर. आधी प्लग सॉकेटमधून उपटून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण खटका फक्त एकच तार तोडतो आणि वायरिंग करणाऱ्याने ती फेजचीच तोडलीय याची खात्री तुम्ही देणार का? गरम पाण्याची सायकल लावलेली असेल तर पाणी गार होऊ द्या. मग जमिनीवर जुने टॉवेल पसरा आणि पसरट ट्रे लावा. काही मशीनना तिथेच एक बारीक नळी असते, तिच्यातून पाणी आधी काढता येतं, नसेल तर फिल्टर अर्धी फेरी सैल करायचा, ट्रे भरला की परत आवळायचा, ट्रे ओतून यायचा, परत सैल करायचा. कंटाळवाणं आहे, पण ड्रममध्ये बादलीभर पाणी असतं आणि फिल्टर एकदम काढलात की ते सगळं एकदमच येतं, टीव्हीच्या दिशेने. फिल्टर हातात आला की बघा काय काय निघतं, नाणी, पिना, बटणं, लहान मोज्याचा चेंदामेंदा, केसांचा गुंता. रिकाम्या जागेत टॉर्च मारा, आत पंपाचं छोटं चक्र दिसेल, बोटाने फिरवून बघा, ते अडखळत अडखळत फिरतं, आत लोहचुंबक असतो म्हणून, तो बिघाड नाही. पण त्यावर दोरा गुंडाळलेला असेल तर चिमट्याने काढा. फिल्टर परत पूर्ण आवळून बसवा, आटे वाकडे जाऊ देऊ नका.

एवढं करूनही पाणी जात नसेल तर मागची ड्रेनची नळी कुठे मुडपली नाही ना बघा. मशीन भिंतीला टेकवताना ती दबते. नळी ठीक, फिल्टर ठीक, आणि पाणी काढायच्या वेळी पंपाचा नुसता घुं आवाज येतोय किंवा काहीच येत नाहीये, तर इथे तुमची हद्द संपली, पंप किंवा त्याची वायरिंग मेकॅनिक बघेल. वरून दार असलेल्या मशीनमध्ये असा हाताला येणारा फिल्टर बऱ्याचदा नसतोच, तिथे तुम्ही नळी तेवढी तपासू शकता. स्क्रीनवर काही कोड येत असेल तर मॅन्युअलमध्ये त्याचा अर्थ छापलेला असतो, ते मॅन्युअल ज्या ड्रॉवरमध्ये न वाचता ठेवलंय तिथेच असेल.

तुम्ही विचारलं नाहीत पण हात शिवशिवतायत म्हणजे पुढे अजून उद्योग होणार, म्हणून थोडं पुढचंही सांगते. एकाच नळाला पाणी कमी येतंय तर तोटीच्या टोकाची जाळी काढून तासभर व्हिनेगरमध्ये बुडवा, सगळ्याच नळांना कमी येतंय तर दोष तोटीत नाही, मेनकडे बघा. सिंक तुंबलं तर खाली बादली ठेवून ट्रॅप (सिंकखालचा वाकडा पाइप) हाताने उघडा आणि साफ करा, तो वाकडा भाग मुद्दाम पाणी साठवायलाच केलेला असतो, त्या पाण्याने गटाराचा वास वर येत नाही, त्यामुळे 'सरळ पाइप टाकला तर तुंबणारच नाही' ही आयडिया करू नका. पण तुंबलेलं काढायचं रसायन आधीच ओतलं असेल तर ट्रॅप उघडू नका, आत साचलेलं ते सगळं तुमच्या हातावर आणि डोळ्यात येईल, प्लंबरलाही आल्या आल्या आधी हेच सांगा. एक रसायन चाललं नाही म्हणून त्यावर दुसरं तर कधीच नाही, ब्लीच आणि अॅसिड एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो आणि बाथरूम म्हणजे बंद खोली.

मिक्सर एकदम बंद पडला तर जळला म्हणून हळहळण्याआधी उलटा करून बघा, बऱ्याच मिक्सरच्या बुडाला ओव्हरलोडचं छोटं बटण असतं, ते बाहेर आलेलं असतं. थंड होऊ द्या, प्लग काढलेला असताना बटण दाबा, भांड्यातला ऐवज कमी करा. फ्रिजच्या आत तळाशी पाणी साठतंय तर मागच्या भिंतीलगतचं निचऱ्याचं भोक तुंबलेलं असतं, कोमट पाण्याने मोकळं करा. दार नीट बसतंय का हे बघायला दारात कागद अडकवून ओढा, सहज निघाला तर रबर सैल पडलंय. फ्रीजरमधला बर्फ सुरीने खरवडायचा नाही हे मात्र लक्षात ठेवा, खाली गॅसची नळी असते आणि हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आयसोब्युटेन असतो, तो पेट घेतो. भोक पडलं तर फ्रिजचं जे व्हायचं ते होईलच, खोलीचीही चिंता. एसीचं म्हणाल तर जाळ्या धुवा आणि पुढे जाऊ नका.

आणि मायक्रोवेव्ह. त्याचं बाहेरचं कव्हर कधीही, कुठल्याही व्हिडिओवर विश्वास ठेवून उघडायचं नाही. आतल्या कपॅसिटरवर काही हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते राहू शकतात, म्हणजे आपला नेहमीचा नियम, प्लग काढला की सुरक्षित, तो तिथे लागू पडत नाही. गॅसची शेगडी, गॅसची पाइप, रेग्युलेटर यातही जोड सोडून बघणं नको. गळती वाटली तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघायचं, आले तर गॅस बंद, खिडक्या उघड्या, लाइटच्या बटणाला हात नाही, आणि बाहेर जाऊन फोन.

व्हिडिओंबद्दल माझी तक्रार एकच, त्यात स्क्रू नेहमी सुटतो. गंजलेला नट, जाम झालेली मूठ, दुकानात न मिळणारं वॉशर हे सगळं कापून टाकलेलं असतं आणि पाच मिनिटांचं काम दिसतं. बघा जरूर, पण तुमच्याच मॉडेलचा बघा (नंबर मशीनच्या दाराच्या कडेला किंवा मागे स्टिकरवर असतो), पूर्ण बघा, आणि मग सुरू करा, एका हातात पाना आणि दुसऱ्या हातात मोबाईल असं नको. वॉरंटी चालू असेल तर वस्तूच्या पोटात शिरूच नका, सील तुटलं की वॉरंटी जाऊ शकते, बाहेरून साफ करता येणारे फिल्टर तेवढे चालतात. काम सकाळी काढा, दुकानं उघडी असताना, कारण कुठलातरी पार्ट आणायला जावं लागतंच आणि रात्री साडेनऊला उघडलेला नळ म्हणजे रात्रभर बिनपाण्याचं घर.

टूलकिट मागवलाय तर ठीक आहे, पण त्यातलं तुम्हाला लागणार ते मोजकंच, एक ॲडजस्टेबल पाना, एक पक्कड, दोन-तीन स्क्रू ड्रायव्हर, टेफ्लॉन टेप, टॉर्च आणि बादली. टेस्टर असेल त्यात, पण त्याच्यावर सगळा भरवसा टाकू नका, आधी चालू सॉकेटवर तो लागतोय का बघा, मग पाहिजे तिथे लावा, मग परत चालू सॉकेटवर बघा, कारण बंद पडलेला टेस्टर आणि करंट नसलेली तार दोन्हीकडे दिवा सारखाच विझलेला असतो.

बायकोचं म्हणाल तर त्यांची भीती अगदीच चूक नाही. बहुतेकांना दुरुस्तीची भीती नसते, अर्धवट उघडून ठेवलेल्या बाथरूमची असते. तर आधीच ठरवून टाका, सुरू करण्याआधी दोन बादल्या भरून ठेवायच्या, पाणी किती वेळ बंद राहील ते सांगायचं, आणि दोन तासांत झालं नाही तर हट्ट न करता सगळं आहे तसं परत जोडून प्लंबरला फोन. शक्य झालं तर त्यांनाच टॉर्च धरायला बोलवा, बरेचदा टॉर्च धरणाऱ्यालाच आधी दिसतं की वॉशर उलटं बसलंय.

गीझरसाठी फोन कराल तेव्हा मॉडेलचा नंबर, कुठला खटका पडतो, लावल्याबरोबर पडतो की पाणी तापत आल्यावर, हे तिन्ही सांगा म्हणजे तो येताना बरोबर सामान घेऊन येईल. तुम्ही काही उघडून बघितलं असेल तर तेही लपवू नका. एलिमेंट बदललं तर जुनं काढलेलं मागून घ्या आणि कुठे फाटलंय ते त्यालाच दाखवायला सांगा, आणि तो जायच्या आधी गीझर त्याच्या समोर पूर्ण तापवून घ्या, निम्मं तापेपर्यंत खटका टिकला म्हणून त्याला सोडू नका.